साताऱ्याचा दरबार आणि मिरजेचा दवाखाना

आजचा विषय आहे नम्रता, ऐक्य आणि मनापासूनची प्रार्थना. ख्रिस्ती श्रद्धा या तीन गोष्टींतून प्रत्यक्ष कशी जगली गेली, हे आपण सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात बघणार आहोत. विषय ऐकून काही जणांना वाटेल की हे तर रविवारच्या उपदेशाचं काम, यात इतिहासकाराचं काय? शंका रास्त आहे. इतिहासकाराला कुणाच्या मनात डोकावता येत नाही. अमुक माणसाची प्रार्थना खरी होती की वरवरची, हे कागदपत्रांवरून कसं सांगणार?

पण काही गोष्टी कागदावर उरतात. माणसानं पगार घेतला की सोडला, हे उरतं. तो कुणाच्या पंगतीला बसला, हे उरतं. भांडण झाल्यावर वेगळी चूल मांडली की पुन्हा एकत्र आला, हेही उरतं. तेव्हा आपण मनाची परीक्षा न घेता एवढंच विचारू: नम्रतेसाठी कुणी काय सोडलं? ऐक्यासाठी कोण कुणाच्या शेजारी बसलं? आणि प्रार्थना कुठल्या भाषेत, कुठल्या वेळी झाली? या तीन प्रश्नांची उत्तरं मात्र आपल्याकडे बऱ्यापैकी सापडतात.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. आज आपण सातारा आणि सांगली असे दोन जिल्हे म्हणतो. सांगली जिल्हा तसा अलीकडचा. १९४९ साली तो 'दक्षिण सातारा' म्हणून तयार झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. त्याआधी सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थानं होती. साताऱ्याची गादी १८४८ साली खालसा झाली आणि तिथं इंग्रजांचा जिल्हा आला. म्हणजे एकाच कृष्णेच्या काठी, पण वेगवेगळ्या राज्यकारभाराखाली, ही गावं वाढत होती. ख्रिस्ती मिशनंही इथं वेगवेगळ्या वाटांनी आली, आणि त्या वाटा का वेगळ्या झाल्या याची गोष्ट आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याशी आहे.

अमेरिकन मराठी मिशनचं काम १८१३ साली मुंबईत सुरू झालं. १८३१ साली ते अहमदनगरला पोचलं आणि नगर हेच त्याचं मोठं केंद्र झालं. 'ज्ञानोदय' हे पत्र १८४२ साली निघालं ते नगरलाच. तिथून हे काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत साताऱ्यात स्थिरावलं. या मिशनची परंपरा काँग्रिगेशनल. म्हणजे काय, तर प्रत्येक गावची मंडळी आपला कारभार आपण बघते, वर कुणी बिशप नाही.

याच नगरच्या मिशनमधले रॉयल गूल्ड वायल्डर नावाचे गृहस्थ १८५२ साली कोल्हापूरला गेले. पुढे त्यांचं आणि अमेरिकेतल्या त्यांच्या बोर्डाचं बिनसलं. वादाचा मुद्दा शाळा. मिशननं शाळांवर किती खर्च करावा, इंग्रजी शिकवावं की नाही, असा तो प्रश्न होता. वायल्डर शाळांच्या बाजूचे. वाद इतका वाढला की ते त्या बोर्डातून बाहेर पडले, काही वर्षं स्वतंत्रपणे काम केलं आणि १८७० साली कोल्हापूरचं काम अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेलं. सांगली-मिरजेचं काम वाढलं ते या कोल्हापूरच्या शाखेतून.

परिणाम बघा. साताऱ्याची मंडळी काँग्रिगेशनल, सांगलीची प्रेस्बिटेरियन. दोन्हीकडचे लोक मराठी बोलणारे, एकच शास्त्र वाचणारे, बऱ्याचदा एकमेकांचे सोयरे. कऱ्हाडच्या अलीकडे एक पंथ आणि पलीकडे दुसरा. ही भिंत कृष्णाकाठच्या कुणी घातली नव्हती. अमेरिकेतल्या कचेऱ्यांमध्ये झालेल्या मतभेदांची ती सावली होती. म्हणून या भागात 'ऐक्य' हा शब्द उच्चारला की तो हवेतला राहत नाही. त्याला एक ठोस अर्थ आहे: आपण न केलेल्या भांडणाचा वारसा आपण पुढे चालवायचा का?

आता दुसरी भिंत, आणि ही मात्र आपली स्वतःची. जातीची.

या भागात ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजातले होते. ब्राह्मण किंवा मराठा समाजातून आलेली माणसं मोजकी. मंडळीचा नियम स्पष्ट होता, की प्रभुभोजनाला सगळे एकत्र. भाकर एक आणि प्याला एक. आज हे वाचताना सोपं वाटतं. ज्या काळात सावली पडली तरी विटाळ मानला जायचा, त्या काळात एकाच प्याल्याला ओठ लावणं म्हणजे काय, याची कल्पना करा. आणि ही अडचण फक्त वरच्या जातींची नव्हती. महार आणि मांग यांच्यातही पाण्याचा आणि रोटीचा व्यवहार नव्हता. तोही मंडळीत बसून मोडायचा होता. काही ठिकाणी तो मोडला, काही ठिकाणी लग्न ठरवताना पुन्हा वर आला. आजही येतो, हे इथं बसलेल्यांपैकी अनेकांना माहीत आहे.

तिसरी अडचण पैशाची. गावचा पाळक, शाळेचा मास्तर, बायबल घेऊन खेड्यापाड्यांत हिंडणारी बाई, या सगळ्यांचा पगार मिशनकडून यायचा. पगार देणारा साहेब आणि घेणारा आपला माणूस, असं नातं असलं की मोकळेपणानं बोलणं अवघड होतं. नम्रता आणि लाचारी यांच्यातली रेषा अशा ठिकाणी पुसट होते. साहेबासमोर मान खाली घालणाऱ्याला नम्र म्हणायचं की भिडस्त? हा प्रश्न ज्यांनी उघडपणे विचारला, त्यांच्यात सर्वांत मोठं नाव आहे नारायण वामन टिळकांचं. आणि तो प्रश्न त्यांनी कृतीनं विचारला, तेव्हा ते साताऱ्यात होते.

टिळक आपल्याला कवी म्हणून माहीत असतात. 'फुलांमुलांचे कवी' हे पाठ्यपुस्तकातलं वर्णन. त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. चित्पावन ब्राह्मण घर. संस्कृतचं उत्तम ज्ञान, वक्तृत्व, आणि एका जागी न टिकणारा स्वभाव. १८९३ च्या सुमारास नागपूरकडून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन माणसाशी त्यांची गाठ पडली. त्यानं त्यांना नवा करार वाचायला दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी टिळक थांबले, आणि पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो त्यांनी घेतला एका भारतीय पाळकाच्या हातून. गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून बाप्तिस्मा घेणं त्या काळी अधिक प्रतिष्ठेचं मानलं गेलं असतं. ही निवड लहान वाटते, पण पुढच्या सगळ्या गोष्टीचं बीज त्यात आहे.

इथं लक्ष्मीबाईंबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या सोबत गेल्या नाहीत. काही वर्षं वेगळ्या राहिल्या, लोकांचे टोमणे सोसले. मग परत आल्या, पण सोवळं सोडलं नाही. स्वतःचं पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. हळूहळू त्यांचं त्यांनाच पटलं की ही शिवाशीव देवानं केलेली नाही, माणसानं केली आहे. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना हे ठाऊक आहे. मला त्यातली एक गोष्ट इतिहासाच्या दृष्टीनं महत्त्वाची वाटते. ऐक्य पहिल्यांदा घडलं ते एका घरातल्या पाण्याच्या घागरीपाशी, आणि त्याला अनेक वर्षं लागली. कुणी ठराव केला नाही. एकानं वाट बघितली आणि दुसऱ्यानं आपल्या गतीनं चालत येऊन ती संपवली.

नगरच्या वास्तव्यात टिळकांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला तिची स्वतःची भाषा दिली. त्याआधी मराठीत गीतं नव्हती असं नाही. होती. पण त्यातली बरीच इंग्रजी गीतांची भाषांतरं, आणि चालीही परदेशी. मराठी माणसाचा सूर त्या चालीत अडखळायचा. ओव्या, अभंग, भजन ऐकत मोठा झालेला शेतकरी त्या गीतात स्वतःचं मन कसं ओतणार? टिळकांनी अभंग, पदं, भजनं लिहिली. 'उपासना संगीत' या पुस्तकात त्यांची शंभराहून अधिक गीतं आहेत. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, अशा अर्थाचं ते सांगत. त्यांच्या गीतांत ख्रिस्त गुरू होतो, सखा होतो, आई होतो. वारकरी ज्या जवळिकीनं विठ्ठलाशी बोलतो, त्याच जवळिकीनं टिळक ख्रिस्ताशी बोलतात.

आपला तिसरा प्रश्न आठवा, प्रार्थना कुठल्या भाषेत? प्रामाणिक प्रार्थना म्हणजे निदान आपल्या तोंडच्या भाषेतली प्रार्थना. दुसऱ्याकडून उसने घेतलेले शब्द माणूस वर्षानुवर्षं म्हणू शकतो, पण त्यात तो रडू शकत नाही. टिळकांनंतर सातारा-सांगलीकडच्या मंडळ्यांमध्ये टाळ, पेटी, मृदंग घेऊन भजन करणं हे परकं राहिलं नाही. खेड्यातल्या एखाद्या निरक्षर म्हातारीला अख्खं भजन पाठ असतं. ही त्यांची खरी देणगी.

आता १९१७. टिळक पंचावन्न वर्षांचे. 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादक, प्रसिद्ध कवी, १९०४ पासून दीक्षित पाळक. सगळं स्थिर झालेलं. या वर्षी त्यांनी मिशनचा पगार सोडला. भांडून नाही. मिशनऱ्यांपैकी अनेक त्यांचे जवळचे मित्र होते आणि मित्रच राहिले. त्यांचं म्हणणं साधं होतं. मी पगार घेऊन ख्रिस्ताबद्दल बोलतो, तोवर माझा शेजारी समजणार की हा त्याच्या नोकरीचं काम करतोय. आपल्या देशात साधू पगारावर नसतो. ज्यानं सोडलंय, त्याचंच लोक ऐकतात. म्हणून त्यांनी संन्याशासारखं राहायचं ठरवलं आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला.

नाव बघा. सातारा म्हणजे छत्रपतींच्या गादीचं गाव. जवळच सज्जनगडावर समर्थांची समाधी. 'दरबार' हा शब्द इथल्या माणसाच्या कानाला अनोळखी नाही. पण या दरबारात सिंहासन एकाचंच, आणि बाकी सगळे समोर जमिनीवर एका ओळीत. मिशनरी पुढे आणि पाळक मागे, असा क्रम नाही. आणि मुख्य म्हणजे या दरबाराचं दार टिळकांनी बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना उघडं ठेवलं. ज्याला ख्रिस्ताला गुरू मानून चालायचं आहे, त्यानं यावं. कुठल्या पंथाचा आहेस, कुठल्या मंडळीच्या पुस्तकात नाव आहे, हे दारात विचारलं जाणार नव्हतं.

यावर टीका झाली, आणि ती सगळी संकुचित मनातून आलेली होती असं म्हणता येणार नाही. विचार करा, गावातला एखादा महार माणूस बाप्तिस्मा घेतो. त्यासाठी त्याला भावकी तोडते, वतनाचा वाद होतो, विहीर बंद होते. त्यानं एवढी किंमत मोजल्यावर त्याला सांगायचं की बाप्तिस्मा न घेताही दरबारात बसता येतं? वरच्या जातीच्या सुशिक्षित माणसाची सोय करण्यासाठी ही वाट काढली का, असा प्रश्न कुणाच्या मनात आला तर तो चुकीचा म्हणता येणार नाही. टिळकांच्या बाजूनंही उत्तर होतं. दार मोठं केलं म्हणून आत बसण्याची जागा वेगवेगळी होत नाही. दरबारात आलेल्या ब्राह्मणालाही शेजारी बसायचं होतं ते त्याच माणसाच्या. म्हणजे बाप्तिस्म्याची अट शिथिल झाली, पंगतीची अट शिथिल झाली नाही. तरीही हा वाद पुरता मिटला असं मी म्हणणार नाही. नम्रता आणि ऐक्य या दोन गोष्टी नेहमी एकाच दिशेला ओढतात असं नाही, हे या वादातून दिसतं. बाहेरच्याला सामावून घेताना आतल्याच्या त्यागाचा मान कसा राखायचा, हा आजच्याही मंडळीपुढचा प्रश्न आहे.

आणि या त्यागाची आणखी एक बाजू. पगार सोडला टिळकांनी, पण चूल कुणाची होती? लक्ष्मीबाईंची. टिळक आधीपासूनच हाताचे सढळ. घरात दुष्काळ आणि प्लेगच्या काळात आणलेली पोरकी मुलं, येणारे-जाणारे कवी, विद्यार्थी. बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी राहिले, हे आपण जाणतो. हे सगळं निभावलं त्या बाईनं. औपचारिक शिक्षण नसलेली ही बाई आपल्या अडचणी हसत हसत सांगते, म्हणून आपण फसतो. त्या हसण्याखाली रोजच्या पिठाचा हिशेब आहे. संतांच्या चरित्रांत अनेकदा असं होतं. एकाच्या विरक्तीचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर पडतो. म्हणून साताऱ्यातल्या त्या प्रयोगाची गोष्ट सांगताना दोघांचं नाव घ्यायला हवं. नम्रता फक्त सोडणाऱ्याची नसते, सोडल्यानंतर उरलेलं सांभाळणाऱ्याचीही असते.

दरबार फार काळ चालला नाही. टिळकांची प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. म्हणजे दोन वर्षंसुद्धा धड मिळाली नाहीत. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचं दहन झालं. दफनाची प्रथा असलेल्या समाजात ही इच्छासुद्धा एक विधान होतं: मी ख्रिस्ताचा आहे आणि या मातीचाही आहे. अस्थी पुढे नगरला नेल्या. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी हाती घेऊन पुढे नेलं.

मग हा प्रयोग फसला म्हणायचा का? संस्था म्हणून बघितलं तर हो. एका माणसाच्या तेजावर उभी राहिलेली गोष्ट त्या माणसाबरोबर विझली. त्यानं दुसरी फळी तयार केलेली नव्हती, तेवढा वेळच मिळाला नाही. पण विचार वाया गेला नाही. टिळकांना ओळखणारे जॅक विन्स्लो नावाचे इंग्रज धर्मगुरू होते. त्यांनी १९२३ साली टिळकांचं इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केलं. त्यांनीच 'ख्रिस्त सेवा संघ' सुरू केला, ज्याचा आश्रम पुढे पुण्यात झाला. भारतीय आणि युरोपियन सभासद एकाच घरात, साध्या कपड्यांत, जमिनीवर बसून जेवत, एकत्र प्रार्थना करत. आदिवासींमधल्या कामासाठी पुढे गाजलेले व्हेरिअर एल्विन भारतात आले ते या संघातूनच. साताऱ्यात जे दोन वर्षांत विझलं, त्याच्या ठिणग्या अशा दुसरीकडे पडल्या.

आता आपण कृष्णेच्या प्रवाहाबरोबर खाली येऊ, सांगली आणि मिरजेला. इथं चित्र अगदी वेगळं. साताऱ्यात एक कवी पगार सोडून बसला होता. मिरजेत एक डॉक्टर भक्कम संस्था बांधत होता.

विल्यम वॉनलेस हे मूळचे कॅनडातले. १८८९ साली ते भारतात आले. सुरुवातीला सांगलीत छोटा दवाखाना चालवला. मिरज रेल्वेचं जंक्शन, चारी बाजूंनी लोक येणार, म्हणून काम तिकडे हलवलं. मिरज संस्थानच्या अधिपतींनी जागा दिली आणि १८९४ साली तिथलं मिशन हॉस्पिटल उघडलं. पुढे वैद्यकीय शिक्षणाचे वर्ग, कुष्ठरोग्यांसाठी वेगळी वसाहत, क्षयरोग्यांसाठी सॅनिटोरियम. सांगली-मिरज रस्त्यावरच्या वॉनलेसवाडीचं नाव त्यातूनच आलं. कर्नाटकातून, कोकणातून, देशावरून बैलगाडी नि रेल्वे पकडून रुग्ण यायचे. कोल्हापूरचे शाहू महाराज वॉनलेस यांचे स्नेही. १९२८ साली इंग्रज सरकारनं त्यांना 'सर' केलं, त्याच सुमारास ते निवृत्त झाले, आणि १९३३ साली अमेरिकेत वारले.

आता कुणी म्हणेल, टिळकांशी तुलना केली तर यात नम्रता कुठं आहे? परदेशी पैसा, राजेरजवाड्यांची मैत्री, 'सर' ही पदवी. प्रश्न बरोबर आहे, आणि ही बाजू झाकायची काही गरज नाही. ते साम्राज्याच्या काळातलं काम होतं आणि साम्राज्याच्या सवलती त्याला मिळत होत्या. पण आपली कसोटी आठवा. कोण कुणाच्या शेजारी? हॉस्पिटलच्या वॉर्डात खाटा रांगेनं लागतात. मिरज हे मीरासाहेबांच्या दर्ग्याचं गाव, मठ-मंदिरांचं गाव. बाहेर ज्यांची घरंसुद्धा वेगवेगळ्या आळ्यांत, ती माणसं इथं एका छताखाली आली. ज्या कुष्ठरोग्याला घरच्यांनी बाहेर काढलं, त्याची जखम धुणारे हात इथं होते. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शेवटच्या रात्री कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. पाय धुण्याचं काम चाकराचं. जखमा धुण्याचं काम आपल्याकडे कुणाच्या जातीवर टाकलेलं होतं, ते सांगायला नको. ते काम शिकलेल्या माणसानं, मान राखून, पेशा म्हणून करणं हा मोठा बदल होता. आणि तो बदल घडवणाऱ्यांत गोऱ्या डॉक्टरांपेक्षा संख्येनं जास्त होत्या त्या मराठी ख्रिस्ती परिचारिका आणि कंपाउंडर. त्यांची नावं आपल्याला फारशी माहीत नाहीत. पुतळे त्यांचे होत नाहीत.

प्रार्थनेची गोष्टही इथं आहे. शस्त्रक्रियेच्या आधी प्रार्थना करायची, अशी वॉनलेस यांची रीत होती. बघा, इथं डॉक्टर जे करतो त्याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, रुग्ण अगतिक असताना त्याच्यावर धर्माची छाप पाडणं. हा आक्षेप मिशनच्या रुग्णालयांवर घेतला गेला आहे आणि तो ऐकून घ्यायला हवा. दुसरा अर्थ असा, की हातात सुरी घेतलेला माणूस रुग्णासमोर कबूल करतोय की सगळं माझ्या हातात नाही. आजच्या डॉक्टरला हे कबूल करणं किती जड जातं, ते तुम्ही-आम्ही जाणतो. त्या काळी रुग्ण आणि नातेवाईक, हिंदू असोत की मुसलमान, त्यांना त्या क्षणी देवाचं नाव घेतलेलं परकं वाटलं नसावं. आपल्याकडे काम सुरू करताना देवाचं नाव घेतातच. आणि प्रार्थनेनंतर सुरी तितक्याच काळजीनं, तितकीच स्वच्छ धुऊन वापरली जायची. प्रार्थनेनं कौशल्याची सुट्टी केली नाही, हे महत्त्वाचं.

आता शेवटचा धागा, ऐक्याचा. मी सुरुवातीला म्हटलं की सातारा काँग्रिगेशनल आणि सांगली प्रेस्बिटेरियन. ही भिंत १९२४ साली अधिकृतपणे पडली. उत्तर आणि पश्चिम भारतातल्या प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र आल्या आणि 'युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया' तयार झालं. वायल्डर यांनी कोल्हापूरचं काम १८७० साली नव्या मंडळाकडे सोपवल्यापासून मोजलं, तर चोपन्न वर्षं झाली होती. नंतर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात आणखी मोठं ऐक्य झालं. या चर्चसोबत अँग्लिकन, मेथडिस्टांपैकी काही, बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स अशा सहा परंपरा मिळून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झालं. बिशप मानणारे आणि न मानणारे, तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे आणि मोठ्यांनाच देणारे, एका छताखाली आले. जगाच्या चर्च-इतिहासात अशी उदाहरणं थोडी आहेत, आणि त्यातली काही भारतात आहेत. युरोपातली भांडणं युरोपाच्या आधी आपण मिटवली, असं म्हणायला हरकत नाही.

पण कागदावरचं ऐक्य आणि पंगतीतलं ऐक्य यात फरक असतो. एकत्रीकरण झालं की पहिला प्रश्न येतो मालमत्तेचा. चर्चची जागा कुणाच्या नावावर? शाळेचा ट्रस्टी कोण? महाराष्ट्रात मंडळ्यांचे किती वाद कोर्टात गेले, हे तुम्ही वर्तमानपत्रांत वाचता. रविवारी एकाच पुस्तकातून भजन म्हणायचं आणि सोमवारी एकमेकांविरुद्ध तारखेला उभं राहायचं, अशी वेळ अनेक गावांत आली. संपत्ती मिशनची होती तोवर भांडण साहेबाशी होतं. साहेब गेला, तेव्हा आपलं आपल्याशीच सुरू झालं. टिळकांना हे आधीच दिसलं होतं का, सांगता येत नाही. पण ज्या दरबाराकडे जमीन नाही, पगार नाही आणि वारसही नाही, त्यावरून कोर्टात जायला कुणाला कारण उरत नाही, एवढं खरं.

याचा अर्थ सगळ्यांनी संस्था मोडाव्यात असा नाही. संस्था नसती तर मिरजेचा रुग्ण कुठं गेला असता? दरबार दोन वर्षांत संपला, हॉस्पिटलनं पिढ्यान्‌पिढ्या माणसं वाचवली. आणि हॉस्पिटल उभं राहिलं, तरी त्याच्या गाण्याला सूर दिला तो कवीनं. वॉर्डात संध्याकाळी जी भजनं म्हटली गेली असतील, त्यातली कित्येक टिळकांची. मला वाटतं, सातारा आणि मिरज यांना समोरासमोर उभं करण्यापेक्षा एकमेकांचा हिशेब तपासणारे म्हणून बघावं. संस्थेनं दरबाराला विचारावं, की आमच्यात साहेब कोण झालाय? आणि दरबारानं संस्थेला विचारावं, की आमच्यानंतर काम कोण बघणार?

फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात पौलानं सांगितलंय की ख्रिस्तानं स्वतःला रिकामं केलं आणि दासाचं रूप घेतलं. योहानाच्या सतराव्या अध्यायात येशूची प्रार्थना आहे, की माझे सगळे एक व्हावेत. हे दोन उतारे आपल्याकडच्या प्रत्येक मंडळीत दरवर्षी वाचले जातात. कृष्णाकाठी ते कोण जगलं, हे शोधताना आपल्याला एक कवी सापडला, त्याची चूल सांभाळणारी बायको सापडली, एक डॉक्टर सापडला आणि नाव न उरलेल्या परिचारिका सापडल्या. यांच्यापैकी कुणीही निर्दोष नव्हतं. प्रत्येकानं काहीतरी सोडलं, आणि ते काय होतं हे आपल्याला नेमकं सांगता येतं.

तुमच्यापैकी जे सातारा-सांगलीकडचे आहेत, त्यांना एक विनंती. तुमच्या गावच्या मंडळीची जुनी नोंदपुस्तकं, बाप्तिस्म्याची, लग्नाची, प्रभुभोजनाच्या वर्गणीची, अजून कपाटात असतील तर ती वाळवीपासून वाचवा. जुन्या परिचारिका, बायबल शिकवणाऱ्या बाया, त्यांची लेकरं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याशी बोलून लिहून ठेवा. कोण कुणाच्या शेजारी बसायचं, पाणी कुठल्या विहिरीचं यायचं, संध्याकाळी कुठलं भजन व्हायचं, एवढं विचारलंत तरी पुष्कळ. मोठ्या माणसांची चरित्रं आपल्याकडे आहेत. उरलेल्यांचा इतिहास अजून लिहायचा आहे, आणि त्यासाठी हातात फार वर्षं नाहीत.

इथं थांबतो. आता प्रश्न असतील तर विचारा.